गार गाडीचा पहिला ब्रेक

माझ्या मामाच्या वर्कशॉपमध्ये स्पोर्ट्स कार घेऊन येणाऱ्या माणसाला वाटतं, आपण ब्रेकचे पॅड घ्यायला आलोय. मामा त्याची अशी उलटतपासणी घेतो, की बघणाऱ्याला वाटावं, हा पोरीचा हात मागायला आलाय.

"सकाळी घरातून निघालात, की पहिला ब्रेक कुठे लावता?"

"म्हणजे?"

"म्हणजे घरापासून पहिला चौक किती लांब? वाटेत उतार आहे का? गाडी उघड्यावर राहते की छपराखाली?"

गिऱ्हाईक इंजिनाची ताकद सांगतं. कुठल्याशा शर्यतीत हेच पॅड वापरतात असं सांगून मोबाइलवर फोटो दाखवतं. मामा डोळे बारीक करून फोटो बघतो, छान आहे म्हणतो, आणि पहिला चौक किती लांब ते परत विचारतो. मी काउंटरमागे बसलेली असते. फोन घेणं, बिलं करणं आणि मामाने वैतागवलेल्या माणसांना चहा पाजून शांत करणं ही माझी कामं. यातलं शेवटचं मला मुळीच जमत नाही, कारण राग माझ्याही नाकावरच असतो.

पॅड म्हणजे काही मोठं गूढ नाही. चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी तबकडी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे दोन ठोकळे असतात. कुठला ठोकळा कधी धरतो, यातच सगळी मेख आहे. साधे पॅड गार असतानाही धरतात, पण फार तापवले तर दमतात. रेसच्या पॅडांचं उलटं. तापले की असे धरतात की माणूस सीटच्या पट्ट्यात लटकतो, पण गार असताना त्यांना जागच येत नाही. मामाचं म्हणणं एवढंच, की शर्यतीतली गाडी तापलेली असते आणि रस्त्यावरची गाडी, कितीही नखरेल असली, तरी रोज सकाळी गारच असते.

पॅड बसवल्यावरही तो चावी देत नाही. इतर मेकॅनिक गाडी रस्त्यावर नेतात, पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून नवे पॅड तबकडीवर घासून बसवतात आणि तशीच गरम गाडी मालकाच्या हातात देतात. मामाही घासतो. पण मग गाडी रात्रभर अंगणात उभी करतो आणि सकाळी, काचेवर दव असताना, स्वतः घेऊन निघतो. आमच्या फाटकापासून एक उतार थेट चौकात जातो. त्या उतारावर, चौकाच्या अलीकडे, गार गाडीचा पहिला ब्रेक मामा दाबतो. तो लागला तरच गाडी मालकाची. लोक त्याला थंडोबा म्हणतात ते यामुळे. तोंडावर म्हणत नाहीत, फोनवर मला म्हणतात, "तुमच्या थंडोबांना सांगा, आम्हाला आजच गाडी पाहिजे." मी फोन आपटते.

एकदा मला चौकातल्या दुकानात जायचं होतं आणि मामा तशीच एक गाडी घेऊन निघाला होता. मी शेजारचं दार उघडलं.

"तिथे नको," मामा म्हणाला.

"का? काय सांडलंय का?"

"तिथे नको म्हटलं ना. तू चालत ये."

माझा पारा चढला. दार आपटून मी चालतच निघाले. उताराच्या तळाशी पोचले तेव्हा गाडी चौकाच्या अलीकडे, पांढऱ्या पट्ट्याच्या आत उभी होती. काच खाली होती. मामा शेजारच्या रिकाम्या सीटकडे तोंड करून बसला होता आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणत होता, "थांबली बघ."

मी तशीच पुढे गेले. दुकानात काय घ्यायला आले होते तेही मला आठवेना.

ती सीट कोणाची ते विचारायची गरज नव्हती. मामाचा एकुलता एक मुलगा, माझा मामेभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, याच उताराच्या तळाशी गेला. एका थंड सकाळी तो स्वतःची गाडी घेऊन निघाला, चौकात न थांबता शिरला आणि बाजूने येणाऱ्या ट्रकखाली सापडला. चौकशीला आलेल्यांनी रस्ता मोजला. चाकं घासल्याची खूण कुठेच नाही, म्हणाले, म्हणजे ब्रेक लावलेलाच नाही, पोरगा वेगात होता. स्पोर्ट्स कारवाल्याबद्दल असं ऐकलं की कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. आम्हीही विचारला नाही.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, रडली कमी आणि चिडली जास्त. लहान मुलीला घेऊन ती वेगळ्या घरात गेली. हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर काम धरलं. दादाचा फोटो तिने भिंतीवर लावला नाही. येते अधूनमधून, पण वर्कशॉपमध्ये पाऊल टाकत नाही. बाहेरच्या जिन्याने वर घरात जाते आणि मामासाठी डबा ठेवून तशीच उतरते. कोणी दादाचं नाव काढलं तर तिचं एक वाक्य ठरलेलं आहे, "त्याला आमच्यापेक्षा वेग प्यारा होता." तिने ते मामासमोरही कितीदा म्हटलंय. मामा खाली बघतो आणि उजवा पाय जमिनीत रुतवतो.

ती त्याची सवय. जेवताना, बातम्या बघताना, नुसता बसलेला असतानाही त्याचा उजवा पाय काहीतरी दाबत असतो. वर्कशॉपमधल्या त्याच्या स्टुलापुढे फरशीचा रंग तेवढ्याच जागी उडालाय. मामी होती तेव्हा सांगायची, झोपेतसुद्धा पाय ताठ करतो आणि पलंग करकरतो. आणखी एक गोष्ट होती, पण तिचा अर्थ मला कधी लागला नव्हता. वरच्या खोलीला रस्त्याकडे उघडणारी गॅलरी आहे. दादा गेल्यानंतर मामाने तिच्या दारापुढे कपड्यांचं कपाट सरकवलं. घरात उजेड येत नाही म्हणून मी किती कटकट केली, पण कपाट हललं नाही.

दादाची गाडी मात्र त्याने टाकली नाही. गडद निळी, दोन माणसांची, बापलेकांनी मिळून भंगारातून उभी केलेली. ट्रकने चेपलेली बाजू त्याने सवडीने, कित्येक वर्षं घालवून सरळ केली. इंजिन लावलं, रंग दिला, सीट शिवून घेतल्या. मागच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली उभी असते आणि रविवारी तो तिचं इंजिन चालू करून ऐकत बसतो. पण चाकं लाकडी ओंडक्यांवर उचललेली आणि ब्रेकच्या चिमट्या रिकाम्या. सगळं बसवलं, पॅड बसवले नाहीत.

मग चिमणी मोठी झाली. चिमणी म्हणजे दादाची मुलगी. हे नाव तिला लहानपणी पडलं, आता दारातून येताना वाकावं लागेल इतकी ती उंच आहे. तिला बापाची गाडी हवी होती. रोज चालवायला, कामाला जायला. वहिनीने घर डोक्यावर घेतलं, पण पोरगी आईवर गेलीय, ऐकते कसली. मामाकडे येऊन ती महिनोन् महिने एकच टुमणं लावून बसली आणि मामा आज बघू, उद्या बघू करत राहिला.

शेवटी एका दुपारी ती काउंटरवर आली आणि एक लाल डबा माझ्यापुढे आपटला.

"आत्या, आजोबांना सांग, त्यांना जमत नसेल तर मी बाहेरून बसवून घेते. पॅड मी आणलेत."

मामा आतून हात पुसत आला. त्याने डबा पाहिला. माणसाचा चेहरा पांढरा पडतो असं नुसतं म्हणतात असं मला वाटायचं, त्या दिवशी मी ते पाहिलं. हात पुसायचं फडकं त्याच्या हातात तसंच राहिलं.

"हे कोणी सांगितलं घ्यायला?"

"सगळे हेच घेतात. बाबांनीही हेच लावले होते ना? त्या जुन्या फोटोत गाडीच्या टपावर हाच डबा आहे."

"हे नको, बाळा."

"का नको? सगळ्यांत भारी आहेत. आई म्हणते, बाबांनी ब्रेक लावलाच नाही. मी लावीन. आणि लावीन तेव्हा गाडी जागच्या जागी थांबायला पाहिजे."

मला वाटलं, आता नेहमीसारखा उद्या बघू म्हणेल. ते म्हटलं असतं तर पोरगी त्याच संध्याकाळी गाडी ओढून दुसरीकडे घेऊन गेली असती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"आण इकडे," तो म्हणाला. "बसवतो. मग तूच दाब."

त्याने काम सावकाश केलं. चिमणी कडेला बसून बघत होती, मधूनमधून पाने हातात देत होती. पॅड बसले, चाकं जमिनीवर आली. मागच्या मोकळ्या अंगणात मामाने ऑइलच्या रिकाम्या डब्यांची एक रांग मांडली आणि पार पलीकडे, भिंतीला लागून, जुने टायर रचले.

"डब्यांपाशी दाब. उगाच पळवू नको."

चिमणीने तसंच केलं. मी पाहत होते, तिचा वेग सायकलवाल्यापेक्षा फार जास्त नव्हता. मागचे लाल दिवे लागले. गाडी डबे उडवत पुढे गेली आणि निवांतपणे टायरांना जाऊन टेकली. चिमणीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आजोबा, हा ब्रेक नीट नाही बसला! लाकडावर पाय दिल्यासारखं वाटतंय."

"नीट बसलाय. सरक."

मामा चालवायला बसला. ब्रेक अर्धवट दाबून ठेवत त्याने अंगणात चकरा मारल्या, इतक्या की चाकांतून जळका वास यायला लागला. मग डबे पुन्हा मांडले आणि चिमणीला पुन्हा बसवलं. या वेळी दिवे लागले आणि गाडी खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी उभी राहिली. एकही डबा पडला नाही.

चिमणी उतरली. मामाची नात आहे, तिला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे गार असताना हे धरतच नाहीत."

"नाही."

"मग बाबांचे..."

"हेच होते," मामा म्हणाला. तो तिच्याकडे न बघता गाडीच्या चाकाकडे बघून बोलत होता. "त्याने आणले, मी बसवले. रस्त्यावर नेऊन घासून तापवले आणि तशीच गाडी त्याला दिली. तो एक चक्कर मारून आला, म्हणाला, अण्णा, भिंतीसारखी थांबते. मी म्हटलं, मग काय, घे. रात्रभर गाडी दवात उभी होती. सकाळी मी हात लावून बघायला हवं होतं. नाही बघितलं."

"पण ते वेगात होते. सगळे म्हणतात."

"नव्हता वेगात. मी वर गॅलरीत दात घासत उभा होतो. हळू गेला तो. अर्ध्या उतारावर त्याचे लाल दिवे लागले. लागले ते लागलेलेच राहिले. खालपर्यंत. गाडी चाललीय, आणि दिवे लागलेत." त्याचा उजवा पाय मातीत रुतला होता. "चाक अडलंच नाही, तर रस्त्यावर खूण कुठून उठणार?"

मी मध्ये ओरडले. मला राहवलंच नाही. "मग बोलला का नाहीस? ते लोक इथे उभे होते, मामा! त्यांनी दादाला बेफिकीर ठरवलं आणि तू गप्प?"

"तोंडच उघडलं नाही. वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी ते आणखी जड झालं." तो थांबला. "मग सूनबाई चिडलेली बघितली. वाटलं, चिडलीय तर निदान उभी तरी आहे. असं स्वतःला पटवत राहिलो. पण खरं म्हणजे भीती वाटत होती."

चिमणीने गाडीची चावी मामाच्या हातात नाही, माझ्या हातात दिली आणि निघून गेली. मी चहा केला, तो त्याच्यासमोर ठेवला आणि घरी आले. दादा मला खांद्यावर बसवून याच अंगणात फिरवायचा. त्याच्याबद्दल इतकी वर्षं जे ऐकून घेतलं, ते सगळं मी रात्रभर एकेक करून आठवत बसले.

सकाळी वर्कशॉप उघडलं तर फाटकात वहिनी उभी होती. कामावर जायच्या कपड्यांत, खांद्याला पर्स, मागे चिमणी. तिचे डोळे सुजले होते. मामा शेडच्या दारात होता. वहिनी जिन्याकडे न वळता सरळ आत आली.

"गाडी कुठेय, अण्णा?"

"मागे. अंगणात."

"रात्रभर तिथेच होती? पॅड तेच आहेत?"

"तेच."

"मला दाबायचाय."

मामाने डबे मांडले. मी तिला चावी दिली. वहिनी आयुष्यात त्या गाडीच्या चालवायच्या सीटवर बसली नव्हती, तिला सीट पुढे ओढायलाही चिमणीने मदत केली. गाडी निघाली, डब्यांपाशी आली, आणि डबे लोळवत पुढे जात राहिली. टायरांना टेकून थांबली तेव्हा फार काही आवाजही झाला नाही.

वहिनी उतरली नाही. खिडकीतून तिचा आवाज आला.

"चिमणे, मी पाय अजून दाबूनच धरलाय. मागचे दिवे लागलेत का बघ."

चिमणी गाडीच्या मागे गेली. "लागलेत, आई."

"नीट बघ."

"लागलेत गं. दोन्ही लागलेत."

दिवे तसेच लागून राहिले होते. मामाने भिंतीकडे तोंड केलं. मग वहिनी उतरली, पदराने तोंड पुसलं आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तो दाबत होता," ती म्हणाली. "खालपर्यंत दाबत होता. आणि मी याच जिन्यावर बसून त्याला शिव्या घातल्या. तुमच्यासमोर. तुम्ही ऐकत होतात."

"हो."

"मी हिलाही तेच सांगत वाढवलं. तिच्या बापाला ती नको होती, असं."

"हो."

"माफबिफ करायला मी आलेली नाही, अण्णा. तो विषय काढूही नका." तिने पर्स सावरली. "आता हिला कुठले पॅड लावायचे, ते सांगा."

मामाने चिमणीकडे वळून, अडखळत, नेहमीचा प्रश्न विचारला. "घरापासून पहिला चौक किती लांब आहे?"

"जवळच आहे," चिमणी म्हणाली. "आणि गाडी उघड्यावर राहील."

मामा आत गेला आणि कपाटातून एक साधा करडा डबा घेऊन आला. चिमणीने तो उघडून पाहिला. "हे तर आत्याच्या खटाऱ्याला लावतात तसलेच आहेत." माझी गाडी खटारा नाही, पण मी त्या दिवशी ऐकून घेतलं. "साधे आहेत," मामा म्हणाला. "डोंगरउतारावर शर्यत लावलीस तर दमतील. पण सकाळी पहिल्यांदा पाय ठेवशील, तेव्हा धरतील." त्याने लाल डब्यातले काढले, करड्या डब्यातले बसवले, घासून आणले, आणि गाडी पुन्हा रात्रभर दवात उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी पुन्हा आल्या. मामा चावी घेऊन निघाला, तर चिमणीने हात पुढे केला. "पहिला ब्रेक मी लावणार, आजोबा." मामाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती गाडीला वळसा घालून गेली, शेजारचं दार उघडलं आणि त्या सीटवर बसली. तिथे नको, असं मामा म्हणाला नाही.

त्याने चावी दिली आणि मला म्हणाला, "वर चल. एकट्याने कपाट नाही हलणार."

आम्ही दोघांनी रेटून कपाट बाजूला केलं. कडी गंजली होती, त्याने ती हातोडीने ठोकली. गॅलरीत धुळीचा थर होता आणि कोपऱ्यात वाळलेली एक कुंडी. खाली फाटकातून निळी गाडी बाहेर पडली आणि उताराला लागली. मामाने कठडा दोन्ही हातांनी धरला. त्याचा उजवा पाय फरशीवर ताठ झाला होता.

अर्ध्या उतारावर लाल दिवे लागले. मी त्याचा दंड धरला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि चौकाच्या अलीकडे, पांढऱ्या पट्ट्याच्या आत उभी राहिली. समोरून एक ट्रक निघून गेला. मग लाल दिवे विझले, आणि गाडी वळून दिसेनाशी झाली.

मामाचा पाय अजून दाबलेलाच होता. तो खाली रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला.

"थांबली बघ," तो म्हणाला. मी त्याच्या शेजारीच उभी होते, पण तो माझ्याशी बोलत नव्हता.